राईच्या शेडमधलं ऊन

कुवेतहून परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "तिथलं ऊन कसं आहे हो? आपल्यापेक्षा जास्त की कमी?" मी नागपूरची. उन्हाच्या बाबतीत आम्हा नागपूरकरांना जरा गर्वच असतो. मे महिन्यात बाहेरगावचा पाहुणा घामाघूम होऊन खुर्चीत बसला की आम्ही त्याच्या हातात पन्ह्याचा पेला देतो आणि म्हणतो, "हे तर काहीच नाही." त्यामुळे लोकांना माझ्याकडून एका शब्दाचं उत्तर हवं असतं. मी मात्र अडखळते. हाच प्रश्न घेऊन मी गेले होते आणि तो विचारतानाच एका माणसाच्या जिवावर बेतलं.

आमचा अभ्यास सांगायला सोपा होता. कडक उन्हाळ्यात अंगमेहनत करणाऱ्यांना काय त्रास होतो, हे नागपूर आणि कुवेत अशा दोन ठिकाणी पाहायचं आणि तुलना करायची. नागपूरकडच्या वीटभट्ट्या, गिट्टीच्या खदानी आणि रस्त्यांची कामं मी माझ्या विद्यार्थ्यांसोबत पालथी घातली होती. कुवेतमध्ये एका मोठ्या कंपनीने परवानगी दिली होती. अम्गऱ्याला तिचं भंगाराचं यार्ड होतं आणि राई नावाच्या भागात गाड्या दुरुस्तीच्या पत्र्याच्या शेड. आमचीच प्रश्नावली तिथे सर्वेसाठी नेमलेल्या मुलांनी कामगारांकडून आधीच भरून घेतली होती. आकड्यांची बाजू पुण्याच्या दातेसरांकडे होती. पन्नाशीचे, संख्याशास्त्राचे प्राध्यापक, बोलणं मोजकं. माझ्याकडे मुलाखती होत्या. जूनच्या शेवटी आम्ही दोघं आठवडाभरासाठी गेलो. गुरुवारी कंपनीच्या लोकांपुढे निष्कर्ष मांडायचे, असं ठरलेलं होतं.

मिरकाब

उतरलो ते कुवेत शहराच्या मिरकाब भागातल्या एका जुन्या इमारतीत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. खाली बकाला, म्हणजे आपल्याकडचं किराणा दुकान. त्याला लागून एका केरळी माणसाचं चहाचं दुकान. मागे काचेचे उंच मनोरे, आणि त्यांच्यावर आभाळ निळं नसून धुवून विरलेल्या पांढऱ्या धोतरासारखं. पहिल्याच दुपारी आंघोळीला गार पाण्याचा नळ सोडला आणि किंचाळून मागे सरले. चहा करावा इतकं गरम पाणी!

"टाक्या गच्चीवर असतात ना ताई," रशीदभाई फोनवर हसत म्हणाले. "गीझर बंद ठेवा नि गरम पाण्याचा नळ सोडा. गीझरची टाकी घरात, एसीत. गार पाणी त्यातनं येतं. उन्हाळ्यात इथं सगळं उलटं."

रशीदभाई सोलकर हे आमचे तिथले आधार. मूळचे हर्णैचे. अर्धं आयुष्य कुवेतमध्ये गेलेलं, राईत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. कंपनीच्या शेड त्यांच्या दुकानाच्या मागच्याच गल्लीत होत्या आणि तिथले कामगार त्यांना ओळखत. संध्याकाळी ते आम्हांला फिरवायला घेऊन गेले. घरांच्या कुंपणाबाहेर जागोजागी गार पाण्याच्या टाक्या दिसल्या, नळ रस्त्याकडे केलेले. कोणीही थांबावं आणि प्यावं. आमच्याकडे चौकात रांजण ठेवून पाणपोई लावतात तसंच हे. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. खजुराच्या झाडांना हिरवे घोस लागले होते. समुद्राकडून येणारा वारा मात्र इस्त्रीच्या वाफेसारखा तोंडावर येत होता.

परत आल्यावर दातेसरांनी लॅपटॉप उघडला. तक्ते स्वच्छ होते. 'गेल्या महिन्यात तुम्हाला ऊन लागलं का?' या प्रश्नाला नागपूरकडे 'हो' म्हणणारे भरपूर, कुवेतमध्ये अगदी तुरळक.

"इथे उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला बंदी आहे," सर म्हणाले. "त्याचा परिणाम समोर दिसतोय. नागपुरात अशी बंदी आणा, हे मला आपल्या सरकारला सांगायचंय. तुमच्या मजुरांसाठीच सांगतोय मी."

"मुलाखती व्हायच्यात अजून, सर."

"कराच ना. तक्त्यांसोबत माणसांचं बोलणं असलं की अहवाल वाचनीय होतो. जेवणात कोशिंबीर लागतेच."

मी हसले, पण त्या कोशिंबिरीचा रात्रभर राग येत राहिला.

अम्गरा

शहराबाहेर अम्गऱ्याला पोचलो तेव्हा वारा सुटला होता. यार्डात चेपलेल्या गाड्यांचे ढीग, पाइपांच्या गाठी, तारांची जंगलं. वाळू दातांखाली येत होती. थोडं चालले आणि माझ्या सँडलचा तळ डिंक वितळून रस्त्यालाच चिकटून राहिला. रशीदभाईंनी गाडीतून रबरी चपला काढून दिल्या, माझ्या पावलापेक्षा बोटभर मोठ्या. मुलाखती टिपायला फोन काढला, तर तोही 'फार तापलोय' अशी सूचना देऊन बंद पडला. मग हातानेच लिहायला घेतलं.

त्याहून मोठी अडचण म्हणजे मॅथ्यू. ते यार्ड आणि शेड दोन्हींचे मुदीर, म्हणजे व्यवस्थापक. कोट्टायमचे, साठीला आलेले, सौम्य गृहस्थ. पण प्रत्येक मुलाखतीच्या वेळी ते दोन हात अंतरावर उभे राहत आणि कामगार उत्तर देण्याआधी त्यांच्याकडे एकदा पाहून घेत. मी त्यांना दूर व्हायला सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मेरी जिम्मेदारी है." मी जास्त ताणलं असतं तर परवानगीच गेली असती.

माणसं बोलत होती, पण ओठांवरचं. "दोपहर में धूप लगती है?" असं विचारलं की उत्तर यायचं, "धूप कहाँ, मॅडम? दोपहर को तो कंपनी की बस राई ले जाती है. शेड में काम करते हैं." मी लिहून घेतलं: दुपारी सावलीत नेतात. मनात म्हटलं, दातेसरांचं बरोबर दिसतंय. बिहारचा एक तरुण वेल्डर हसत म्हणाला, "परसों तो अपना इंजिन गरम हो गया था." सोबतचे सगळे हसले, मॅथ्यूही हसले. भोवती सगळ्या गाड्याच होत्या. मला वाटलं, गाडीचं सांगतोय. मी पुढच्या प्रश्नाकडे वळले.

त्या संध्याकाळी रशीदभाईंच्या घरी, फरवानियाला जेवण होतं. शमीमभाभींनी झुबैदी तळली होती. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट. कुवेतच्या लोकांचा जीव त्याच्यावर आणि हर्णैच्या लोकांचाही, त्यामुळे भाभींना इथे करमतं असं त्या म्हणाल्या. सोबत तांदळाच्या भाकरी आणि ओल्या नारळाचं सार. त्यांची मुलगी सना शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. आई कोकणीत विचारायची, लेक इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"तुला इथला उन्हाळा कसा वाटतो?" दातेसरांनी तिला विचारलं.

"व्हॉट उन्हाळा, अंकल?" ती म्हणाली. "घर एसी, कार एसी, स्कूल एसी."

सगळे हसले. माझ्या मनात मात्र कुठेतरी खट् झालं. एकाच शहरात हा प्रश्न हिला विचारला तर काही वेगळंच ऐकू येतं. मग यार्डातल्या माणसांना काय ऐकू येत असेल? नेमकं काय खटकलं ते धरता येईना, म्हणून सरांना काही बोलले नाही.

राई

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच रशीदभाईंबरोबर राईच्या शेडमध्ये गेले. सर फ्लॅटवर बसून सारांश लिहीत होते, तो त्याच दिवशी कंपनीला पाठवायचा होता.

शेड म्हणजे लांबच लांब पत्र्याचं छत, तिन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती आणि समोर अर्धवट ओढलेलं शटर. ऊन आत येऊ नये म्हणून ते ओढलेलं होतं. आत पाय ठेवला आणि श्वास आखडला. बाहेर ऊन होतं, पण वारा तरी होता. आत वेल्डिंगच्या ठिणग्या, रंगाचा वास आणि तापलेल्या पत्र्याची धग. कोपऱ्यातला मोठा पंखा तीच हवा इकडून तिकडे ढकलत होता. अम्गऱ्याहून आलेले लोक आणि शेडचे लोक मिळून गर्दी झाली होती.

तिथे मला बालाजी भेटला. उदगीरकडचा, तिशीतला, गाड्यांच्या पत्र्याचे पोचे काढणारा. मी मराठी बोलते म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"नागपूरच्या का? मंग तुमाला काय उन्हाचं कवतिक!"

त्या दिवशी मॅथ्यू दुसऱ्या टोकाला कुणाशी तरी बोलत होते. मला बरं वाटलं. बालाजी सांगू लागला. गावाकडे दीड एकर, बायको सुमन, दोन लेकरं, थोरली चौथीत. बोलता बोलता तो थांबला. मग पुन्हा म्हणाला, "थोरली चौथीत." मी म्हटलं, "हो, सांगितलंत तुम्ही." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आत्ताच समोर आले. "अक्का, म्हशीला पानी दावलं का?" त्याने विचारलं.

मला क्षणभर वाटलं, चेष्टा करतोय. मग त्याच्या कपाळाकडे लक्ष गेलं. आजूबाजूचे सगळे घामाने निथळत होते आणि हा कोरडा होता. चेहरा विटेसारखा लाल. मी त्याच्या दंडाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. तो उठला, ग्राइंडर उचलायला वाकला आणि तसाच कोसळला. डोकं एका चाकाच्या रिमवर आपटलं.

"पानी लाओ! पानी!" मी ओरडले. दोघं धावत बाहेर गेले आणि नळाखालून बादली भरून आणली. मी ओंजळ बुडवली. कढत पाणी! छतावरच्या तापलेल्या टाकीचं. ते त्याच्या अंगावर कसं ओतायचं? आमच्याकडे अशा वेळी माठ असतो, ओला पंचा असतो, कूलर असतो. इथे हाताशी काही नव्हतं. बालाजीचे हातपाय झटके देऊ लागले.

"बाहेर काढा त्याला, माझ्या दुकानात!" रशीदभाई ओरडले. चौघांनी त्याला उचललं. दुकानात एसी होता. रशीदभाईंनी समोरच्या बकाल्यातून बर्फाच्या पिशव्या आणि गार पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा खोका उचलून आणला. आम्ही त्याचा शर्ट फाडला, काखेत, मानेला, जांघेत बर्फ दाबला, अंगावर पाणी ओतत राहिलो. मी पुठ्ठ्याने वारा घालत होते आणि मोठमोठ्याने त्याला हाका मारत होते. रशीदभाईंनी फोन काढला, तेव्हा मॅथ्यू धापा टाकत आत आले.

"रशीदभाई, अँब्युलन्स मत बुलाओ. कंपनी की गाड़ी है, मैं ले जाता हूँ."

"गाड़ी आने तक ये बचेगा नहीं."

"फिर लिखा जाएगा कि शेड में हुआ," मॅथ्यूंचा आवाज कापत होता. "मुझसे पूछेंगे."

रशीदभाईंनी त्यांच्याकडे पाहतच नंबर लावला आणि अरबीत पत्ता सांगितला. मॅथ्यू तसेच उभे राहिले. मग खाली बसले आणि माझ्या हातातला पुठ्ठा घेऊन स्वतः वारा घालू लागले. अँब्युलन्स येईपर्यंत ते थांबले नाहीत.

दवाखान्यात सूर्य मावळेपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. सोबत बालाजीच्या खोलीतले दोघं आले होते. एक तेलंगणाचा, दुसरा तोच बिहारी वेल्डर. तो हळूच म्हणाला, "इसका इंजिन ज़्यादा गरम हो गया."

मी चमकून त्याच्याकडे वळले. "कल आपने कहा था, परसों इंजिन गरम हो गया. वो..."

"मेरा अपना, मॅडम. चक्कर आया, उलटी हुई. थोड़ी देर लेटा, फिर काम पे लग गया. सबका होता है."

"फिर सर्वेवाले लड़कों को 'नहीं' क्यों बोला?"

तो गोंधळला. "उन्होंने तो धूप का पूछा था."

मी वही उघडली आणि त्याचं वाक्य तसंच लिहून घेतलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की ताप उतरतोय, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागेल. मी देवाचं नाव घेतलं आणि दातेसरांना फोन लावला.

"सर, सारांश पाठवू नका."

"आत्ताच पाठवायला घेतलाय. काय झालं?"

मी सांगितलं. मग ते म्हणाले, "फार वाईट झालं. माणूस वाचला, हे महत्त्वाचं. पण मॅडम, एक माणूस पडला म्हणून इतक्या जणांनी दिलेली उत्तरं खोटी ठरत नाहीत."

"खोटी नाहीतच ती. आपला प्रश्न चुकलाय."

"तोच प्रश्न नागपुरात चालला ना?"

"तिथे सगळे उघड्यावर होते, सर!"

आवाज चढला होता. बाकावरची माणसं माझ्याकडे पाहू लागली. सर शेवटी म्हणाले, "सकाळी दवाखान्यात येतो. तोवर थांबवतो."

दवाखान्यात

सकाळी बालाजी उशीला टेकून बसला होता. हाताला सलाईन, कपाळावर पट्टी. मला ओळखून ओशाळं हसला. "म्हशीचं काय बोललो म्हनं मी." आम्ही त्याला जास्त बोलू नका म्हटलं. दातेसर पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले, चष्मा पुसला आणि त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "बालाजी, एकच विचारतो. चालेल?"

"इचारा की सर."

प्रश्नावलीत जसा होता तसाच, शब्द न बदलता, त्यांनी विचारला. "गेल्या महिन्यात तुम्हाला ऊन लागलं का?"

बालाजीने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही सर," तो म्हणाला. "मी तर शेडमधी व्हतो."

सलाईनच्या नळीतून थेंब पडत होते, त्यांच्याकडे दातेसर पाहत बसले. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर त्यांनी भिंतीला हात टेकला. त्यांचे डोळे पाणावले होते. "इतका नीट भरलेला तक्ता होता, मॅडम," एवढंच म्हणाले.

मला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बुधवार होता, आमच्याकडे तेवढाच एक दिवस उरला होता.

मी म्हटलं, चला, आत्ता त्या शेडमध्ये जाऊ, सगळ्यांना नीट विचारू. सर एकदम ताठ झाले. "फक्त त्याच शेडमध्ये नाही. आत्ता तिथे जाऊन विचारलं तर आपण ऐकायचं ठरवलंय तेच ऐकू. यार्डात विचारायचं, इतर शेडमध्ये विचारायचं, एसीत बसणाऱ्या कारकुनांनाही विचारायचं. आणि नागपूरला फोन करा. नवीन प्रश्न तिथेही विचारला नाही, तर तुलना कसली?"

"सर, माणसं मरायला टेकलीत आणि तुम्ही कारकुनांना विचारणार?"

"त्यांना विचारलं नाही तर गुरुवारी ती मंडळी म्हणतील, बाईंनी एकाला पडताना पाहिलं आणि घाबरल्या. मग काय उत्तर देणार आहात?"

मला राग आला, तरी मी गाडीकडे वळले. गाडीत बसून आम्ही दोघांनी प्रश्न नव्याने लिहिला. 'ऊन' हा शब्द काढला. काम करताना गरम होऊन चक्कर, उलटी, पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधार यांतलं काही झालं का, आणि तेव्हा तुम्ही कुठे होता? वेल्डरचं 'इंजिन गरम'ही सरांनी आग्रहाने घातलं. मी माझ्या विद्यार्थ्यांना नागपूरला कळवलं. त्यांनी त्याच दिवशी जुन्या मजुरांना फोन लावायला घेतले.

राहिले मॅथ्यू. शेडच्या दाराशी ते उभे होते, रात्रभर झोपले नसावेत.

"परमिशन गुरुवार तक की है," मी जपून म्हटलं.

"मालूम है." त्यांनी दारातून बाजूला होऊन वाट दिली. "मेरा लड़का भी इसी उमर का है," असं म्हणाले आणि, "मैं चाय पीके आता हूँ," म्हणून निघून गेले. संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत.

त्या दिवशी पहिल्यांदा माणसं मोकळेपणी बोलली. मी ऐकत होते, सर खुणा करत होते आणि मधूनच आम्ही जागा बदलत होतो. कुठे झालं, असं मी सविस्तर विचारलं की सर कान टवकारत. एक आकडा विचित्र दिसला की सर मला त्या माणसाकडे परत पाठवत. दुपारी धगीने सरांनाच गरगरलं. रशीदभाईंनी त्यांना दुकानात नेऊन मीठ-लिंबाचं पाणी पाजलं. जरा बरं वाटल्यावर त्यांनी मला म्हटलं, "माझं नाव लिहू नका हं, मी कंपनीचा नाही." मी हसू लागले आणि हसता हसता रडले. कालपासून अडकून राहिलेलं तेव्हा सुटलं.

संध्याकाळी नागपूरची उत्तरं आली. शब्द बदलूनही तिथलं चित्र जवळपास होतं तिथेच राहिलं. कुवेतचं मात्र ओळखू येईना. सकाळी उघड्या यार्डात काम करताना त्रास झाला असं सांगणारे होते. पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त लोक दुपारचं, शेडमधलं सांगत होते. नियम दुपारी उघड्यावरचं काम थांबवत होता आणि ते काम छताखाली जात होतं. कारकून बिचारे ठणठणीत होते.

"म्हणजे कुवेत जास्त वाईट?" मी विचारलं.

"तसं मी म्हणणार नाही," सर म्हणाले. "आत्ता कुठे तुलना सुरू करता येईल."

गुरुवार

बैठकीच्या खोलीत इतकी थंडी होती की मी पदर अंगाभोवती लपेटून घेतला. कंपनीच्या सुरक्षा विभागाच्या प्रमुखांना सगळे अबू फहद म्हणत. शुभ्र दिशदाशा, म्हणजे अरबी पायघोळ झगा घातलेले, शांत, वयस्कर कुवेती गृहस्थ. आधी वेलचीचा गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर आले. मॅथ्यू टोकाच्या खुर्चीवर होते.

दातेसर उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "आधी माझ्या सहकारी बोलतील. त्यानंतर मी का चुकलो होतो, ते मी सांगेन." मी पाहतच राहिले. हे आमचं ठरलेलं नव्हतं.

मी बालाजीचं नाव न घेता सांगितलं. दवाखान्यात विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर सांगितलं. मग सरांनी जुना तक्ता आणि नवा तक्ता शेजारी शेजारी लावले. एका अधिकाऱ्याने लगेच हरकत घेतली. "एकदा तुम्ही म्हणता, त्रास नाही. दोन दिवसांत म्हणता, आहे. आम्ही कोणतं खरं मानायचं?"

"लोकांनी दोन्ही वेळा खरंच सांगितलंय," सर म्हणाले. "पहिल्यांदा आम्ही उन्हाचं विचारलं, दुसऱ्यांदा उष्णतेचं."

"की प्रश्न बदलून हवं ते उत्तर काढलंत?"

"नागपुरातही तोच बदललेला प्रश्न विचारलाय. तिथे उत्तर बदललं नाही. तुमच्या कचेरीतही विचारलाय. तिथेही नाही."

तो पुन्हा तक्त्यांकडे पाहू लागला. कारकुनांना विचारण्यावरून मी घातलेला वाद आठवून माझे कान गरम झाले.

अबू फहद मॅथ्यूंकडे वळले. "आधी किती वेळा झालंय?"

मॅथ्यू उठले. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. "पुष्कळदा, सर," ते म्हणाले. "मी वर कळवलं नाही."

अबू फहदांनी पेला खाली ठेवला. आवाज न चढवता त्यांनी अरबीत बराच वेळ काहीतरी विचारलं आणि मॅथ्यूंनी मान खाली घालून उत्तरं दिली. शेवटी आम्हांला सांगण्यात आलं की मोठ्या कूलरची सोय होईपर्यंत दोन शेडमधलं दुपारचं काम थांबेल. तिसरीत मोठ्या कंत्राटाच्या गाड्या आहेत, तिचं नंतर पाहू. बालाजी पडला होता तो त्या तिसऱ्या शेडमध्येच. सरांनी हे बोलून दाखवलं. अबू फहद म्हणाले, "ऐकलं मी." पुढे काही नाही.

निघताना

विमान शुक्रवारी रात्रीचं होतं. दुपारी मी बालाजीचा निरोप घ्यायला गेले. मॅथ्यूंच्या नोकरीचं काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. तरी ते सकाळीच बालाजीला फळं देऊन गेले होते. बालाजी फोनवर सुमनशी बोलत होता, पडद्यावर तिचा चेहरा दिसत होता. फोन त्याने असा धरला होता की सलाईन दिसू नये. कपाळावरची पट्टी टोपीने झाकली होती.

"जरा ताप व्हता, आता गेला," तो म्हणत होता. मी दिसले तसं त्याने मला पुढे ओढलं आणि फोन माझ्या हातात दिला. "ह्या बग नागपूरच्या मॅडम. आपल्याच हायेत."

सुमनने पदर सावरला. मागे घराची निळी भिंत आणि मुलांचा आरडाओरडा. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"मॅडम, खरं सांगा. काय झालंय ह्यांना?"

बालाजीने फोनच्या मागून मला मानेनेच 'नको' म्हटलं. मला सांगणं सोपं होतं. गेले दोन दिवस मी तेच तर सगळ्यांना सांगत होते. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

"वैनी, मी त्यांच्याकडेच देते," मी म्हटलं. "त्यांनाच विचारा."

मी फोन त्याच्या हातात दिला आणि दाराकडे वळले. मागून सुमन म्हणाली, "अहो, बोला की."

"पडलो व्हतो सुमन," बालाजी म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "लई गरम हुतंय गं इथं."

मी दार हळूच लोटून घेतलं. बाहेर दातेसर बॅगा घेऊन उभे होते. ते काही बोलणार होते, पण आतला आवाज त्यांच्याही कानावर गेला असावा. त्यांनी बॅगा खाली ठेवल्या आणि आम्ही दोघं तिथल्या बाकावर बसून राहिलो.